शेजारच्या गराजमधून आलेली हाक

तबला लावताना माझ्या नवऱ्याचा स्वतःच्या कानावर विश्वास नसे. सूर देणारं ॲप मुलीनं त्याच्या फोनवर घालून दिलं होतं, पण त्याचा हट्ट एकच. बेसमेंटमधून हाक यायची, "अगं, सा दे!" की मी तव्यावरची पोळी उतरवून खाली जायची, पेटीचा भाता ओढायची आणि काळी एक दाबून बसायची. तो कान खाली नेऊन हातोडीनं ठोकत राही. तबला मनासारखा लागला की बोटानं एकदा टणकन वाजवून म्हणे, "सोड आता." हॉस्पिटलमध्ये माझ्या शब्दावर अख्खा वॉर्ड हलायचा, आणि घरी मी ही अशी सुराची कळ. तक्रार नाही, पण सांगून ठेवते.

इथे, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, आमच्या शेजारी एक अमेरिकन संगीतकार बाई राहते. चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेली, पुढे जॅझ वाजवलेली, आणि आता डोंगराकडच्या फिडलपासून कारखान्याच्या भोंग्यापर्यंत जे कानावर पडेल ते एकत्र करणारी. तिला कोणत्या खान्यात बसवायचं ते समीक्षकांना अजून कळलेलं नाही. "भेळ आहे," नवरा म्हणायचा, पण कौतुकानं. शेवटच्या उन्हाळ्यात ती आमच्या बेसमेंटमध्ये माइक लावून बसायची. त्यानंही तबल्याचे ठेवणीतले कायदे काढून वाजवले. हिवाळ्यात तो गेला.

बर्फ वितळायला लागलं होतं. भर दुपारी मी भांडी घासत होते आणि हातोडीचे ठोके ऐकू आले. ठक, ठक, मग थांबून पुन्हा ठक. आणि मग, "अगं, सा दे!"

मी घाबरले नाही. ओल्या हातांनी जिना उतरले, पेटी उघडली, सा दिला. ठोके थांबले. "सोड आता" कधी येतं याची वाट बघत मी भाता ओढत राहिले. ते काही आलं नाही, आणि मग मात्र अंगावर सरसरून काटा आला.

थोड्या वेळानं शेजारीण दारात उभी. चेहरा पांढराफटक. ती गराजमध्ये काम करते. दार उघडं टाकून त्याचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकत बसली होती, तेवढ्यात आमच्या खिडकीतून सूर आला आणि तिनं घाबरून मशीन बंद केलं.

मी तिच्याबरोबर गराजमध्ये गेले. नव्या रचनेत तिनं त्याचं वाजवणं ठेवलंच नव्हतं. ठेवली होती फक्त ती ठोकाठोकी आणि ती हाक. माझं डोकंच फिरलं. "जन्मभर घासलेला तबला टाकलास आणि हे ठेवलंस?"

"उत्तम तबला मला दुसरीकडे मिळेल," ती म्हणाली. "असा आवाज नाही मिळणार. तो काय म्हणतोय?"

मी सांगितलं. पुढचं ऐकव म्हटलं, तर पुढे काही नव्हतंच. त्या दिवशी मशीन तिथेच बंद पडलं होतं. तिनं तो तुकडा पुन्हा एकदा लावून ऐकला. मग म्हणाली, "चर्चमध्ये ही रचना सादर होईल तेव्हा सूर तूच दे. तू देईपर्यंत हाक येत राहील, आणि दिलास की कॉयर गायला लागेल. नको असेल, तर मी हे कुठेच वाजवणार नाही."

मुलीला फोन केला. "आई, धिस इज सो क्रीपी. कॅन्सल करायला सांग ना तिला!"

तिचं चुकलं नव्हतं. पण मी वेगळ्याच पेचात होते. सा दिला की तबला लागणार, त्याचं काम संपणार. नाही दिला, तर तो हाका मारत राहणार. मला त्या हाका हव्या होत्या, उघडच सांगते. तरी त्याला ताटकळत ठेवणं मला कधी जमलं नव्हतं. मी हो म्हणाले.

रविवारी दुपारी चर्च भरलेलं होतं. रंगीत काचांतून ऊन पेटीवर पडलं होतं. स्पीकरमधून ठोके आले, मग हाक. माझं बोट पट्टीवर होतं, पण खाली जाईना. पुन्हा हाक आली. तिसऱ्या हाकेत वैताग होता, जेवण थंड झाल्यावर त्याच्या आवाजात यायचा तोच. रेकॉर्डिंग एकच आहे, तिन्ही वेळा तेच वाजलं, असं शेजारीण आजही शपथेवर सांगते.

मी काळी एक दाबली.

ठोके थांबले. माझा सा धरून कॉयर गाऊ लागला. काय गायले ते मी ऐकलं नाही, मी "सोड आता"ची वाट बघत होते. ते रेकॉर्डिंगमध्ये नाही हे मला ठाऊक होतं. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, लोक उभे राहिले, आणि माझा सा चालूच. शेजारीण जवळ आली. 

"सोड आता."

ती दचकून मागे सरकली. ओठ माझेच हलले होते, आवाज माझा नव्हता. मी भाता सोडला.