जड गोळी, हलकी गोळी

लिंडसे प्राउज हा शिकारी नदीच्या वरच्या खोऱ्यात आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. हरणांनी डोंगर बोडके करून टाकले होते, म्हणून सरकारनं शिकारी नेमले होते. पुढे नोकरी गेली, शिकारीही पांगले. लिंडसे मात्र त्याच पत्र्याच्या झोपडीत राहिला. आता तो एकाहत्तरचा झाला होता.

त्याचा जोडीदार रावीरी. अकरा वर्षं दोघं एका चुलीवरचं जेवले आणि एकाच गोष्टीवरून भांडले. लिंडसेची गोळी हलकी, वेगवान; या कड्यावरून त्या कड्यावर सरळ जाणारी. रावीरीची जड आणि संथ. लांबवर ती खाली पडायची, पण जवळून हाड फोडून आरपार जायची.

"गोळी आहे की बैलगाडी?" लिंडसे विचारायचा.

"तुझी तुझ्यासारखीच. धावते फार, पोचत कुठंच नाही!"

मग रावीरी उत्तरेला लेकीकडे गेला. लिंडसेला बोलायला फक्त नदी उरली.

त्या एप्रिलात माजावर आलेला एक नर नेच्यांच्या दाटीत तीस पावलांवर उभा राहिला. लिंडसेनं बार काढला. हलकी गोळी खांद्याच्या हाडावर आदळून तिथंच फुटली. वरवरची जखम घेऊन हरीण पळालं. दोन दिवस लिंडसे रक्ताच्या थेंबांमागे फिरला. ते ओढ्याकाठी पडलेलं सापडलं; जिवंत, त्याच्याकडे बघत. दुसऱ्या गोळीनं त्यानं त्याला सोडवलं आणि शेजारी बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. कित्येक आठवड्यांनी ऐकलेला स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

दीड दिवस चालून तो रस्त्यावरच्या दुकानात पोचला. जड गोळ्यांचा डबा घेतला आणि रावीरीला फोन लावला.

लेकीनं, मेरेआनानं, उचलला. "लिंडसेकाका, बाबांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. बोला, पण वाईट वाटून घेऊ नका."

"रावीरी, तुझंच खरं होतं रे. जड गोळीच बरी."

"जड?" पलीकडून ओरडा आला. "कोण गाढव जड गोळी वापरतो? हलकी घे, हलकी! सरळ जाते!"

ही तर लिंडसेचीच वाक्यं होती. मग त्यानं घसा खाकरला आणि रावीरीची बाजू घेऊन भांडायला लागला. हाड, नेचे, जवळचा नेम, काही सोडलं नाही. पाऊण तास दोघं कडाकडा भांडले.

दमल्यावर रावीरीनं विचारलं, "नाव काय म्हणालास?"

"लिंडसे."

"माझाही एक लिंडसे होता. महाहट्टी. पण माणूस चांगला."

"कुठं असतो तो?"

"वर डोंगरात. एकटाच आहे बिचारा. कुणीतरी जायला पाहिजे त्याच्याकडे."

"हो," लिंडसे म्हणाला. "बघतो मी."

मेरेआनानं त्याला राहायला बोलावलं. तो गेला नाही. पण त्यानंतर नदी उतरेल तेव्हा, महिन्यातून एकदा, तो दीड दिवस चालून दुकानातल्या फोनवर रावीरीशी भांडायला यायचा.