सुद्दीमामांचा कायदा

आपली बातमी आपण आणायची नाही, हा सुद्दीमामांचा कायदा होता. घरात मूल जन्मले तर शेजाऱ्याने येऊन सांगायचे, नोकरी लागली तर मित्राने. ज्याची बातमी तोच दारात उभा राहिला, तर मामा त्याला बसायला चटई देत, प्यायला पाणी देत, पण बातमी घेत नसत. या कायद्याने माझे जे नुकसान झाले ते मी अजून विसरलेलो नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही चांगले लिहिले तर ते नाइलाजाने लिहिले आहे हे लक्षात येईल.

सुद्दी म्हणजे कन्नडमध्ये बातमी. आम्ही म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातले शिंपी घरात मराठी बोलतो, पण त्यातले निम्मे शब्द बाजारातून घरी आलेले. मामांचे नावही तसेच आले. त्यांचा धंदा काज करण्याचा. कोट कोणीही शिवो, त्याचे काज हाताने विणायला सगळ्या दुकानांना मामा लागत. सकाळी या दुकानाच्या पायरीवर, दुपारी त्या. दोऱ्याला मेण लावत खाली मान घालून बसलेल्या माणसासमोर लोक काय वाटेल ते बोलतात. सगळा मोहल्ला त्यांच्या कानांवरून जात असे. पण त्यातले एक अक्षर ते स्वतःहून उचलत नसत. म्हणत, "ऐकलेलं वेगळं, आणलेलं वेगळं. आणणाऱ्याचं नाव लागतं. नाव लागलं की माणूस खोटं कमी बोलतो."

दर शनिवारी संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात भजन असे. भजन संपले की हरभऱ्याच्या उसळीचे पातेले गाभाऱ्यासमोर येई, आणि त्याच्याआड मामा वही घेऊन उभे राहत. बातम्या वाचून झाल्याशिवाय पातेल्यावरचे केळीचे पान निघत नसे, म्हणून कोणी उठून जात नसे. मंगळवारी नळाला पाणी नाही. अमक्याचा जावई भद्रावतीहून आला आहे, किती दिवस राहणार ते सासऱ्याला विचारू नये. तुळसाबाईंची मुलगी दहावी तिसऱ्या वेळी पास झाली. "तिसऱ्या वेळी" हे शब्द तिच्या काकूने आणले आहेत. प्रत्येक बातमीनंतर आणणाऱ्याचे नाव. शेवटी वही मिटून म्हणायचे, "मुगीतु. उसळी घ्या." मुगीतु म्हणजे संपले. एवढे ऐकले की पातेल्याभोवती जी झुंबड उडे, तिची बातमी मात्र कोणी कधी आणली नाही.

आमच्या गल्लीत एक रावसाहेब होते. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते, आणि रावसाहेब अजून उतरलेले नव्हते. कचेरीत हेडक्लार्क झाले तेव्हा ते स्वतः मामांकडे गेले. मामांनी चटई दिली, पाणी दिले. रावसाहेब परतले आणि त्यांनी दूधवाल्याला पाठवले. शनिवारी मामांनी वाचले, "रावसाहेब हेडक्लार्क झाले आहेत, आणि तेव्हापासून म्हशीशीसुद्धा इंग्रजीत बोलतात. बातमी दूधवाल्याने आणली." रावसाहेबांनी नंतर जाब विचारला. मामा म्हणाले, त्याने दोन्ही आणल्या, एक ठेवून एक कशी वाचू?

यावर लोकांनी वाट काढलीच. तू माझी ने, मी तुझी नेतो. हा सौदा मलाही जमला असता. सौद्यात मला हरवणारा माणूस त्या बाजारात नव्हता. पण अडचण अशी की तोपर्यंत मोहल्ल्यात ज्याच्याशी माझे भांडण झालेले नाही असा माणूसही नव्हता. टी. नरसीपूरहून मी एक कात्री घेऊन आलो होतो. अकरा वर्षे दुसऱ्याच्या दुकानात दुसऱ्याच्या नावाचे कोट शिवले. गोड बोलून कोणी जागा देत नाही, हे तेव्हाच शिकलो.

मग मी स्वतःचे दुकान घातले. रस्त्यावर, पाटीसह, दोन मशीन. मोहल्ल्याने ते शनिवारी देवळात ऐकावे एवढीच माझी इच्छा होती. तिथे वाचले गेले नाही तर ते झालेच नाही, असे आम्हा सर्वांना वाटे. मामा पूजेला आले होते, पेढा खाऊन गेले होते. मी त्यांना म्हटले, तुम्ही डोळ्यांनी पाहिले, तुम्हीच बातमी आणा.

"वाचणारा मी. आणणारा वेगळा, नाथा."

बायकोला पाठवले. मामा तिला म्हणाले, घरचे माणूस म्हणजे तोच. कॉफी हॉटेलवाल्या भटांकडे गेलो. ते तयार होते, फक्त त्यांच्या कॉफीला मी गल्ल्यासमोर उभा राहून गढूळ पाणी म्हटले होते ते मागे घ्यावे, अशी त्यांची अट होती. पण कॉफी तशीच होती. शेवटी मी मामांना सांगितले की माझ्या दुकानाचे सगळे काज तुम्हालाच देतो. त्यांनी काम घेतले. बातमी घेतली नाही.

तरी त्या शनिवारी मी नवा सदरा घालून पुढे बसलो. कोणीतरी आणली असेल असे वाटत होते. मामांनी नळ वाचला, बारसे वाचले, मग एक छत्री वाचली. काळी, दांडा मोडका, मार्केटच्या पायऱ्यांवर सापडलेली, ओळख पटवून घेऊन जावी. छत्रीची बातमी आणायला माणूस होता. मामा वही मिटू लागले तसा मी उठलो आणि मोठ्याने सांगितले की मी दुकान घातले आहे.

मामांनी चष्म्यावरून पाहिले. "सुम्ने बस, नाथा," ते म्हणाले, "उसळी निवते आहे."

सुम्ने म्हणजे उगी. चाळीस माणसे हसली, विठ्ठलही त्यांच्यातच असावा. त्या दिवसापासून मी मामांशी बोलणे सोडले. काज मात्र त्यांच्याकडेच देत राहिलो, कारण तसे काज दुसऱ्या कोणाला येत नव्हते. ते पायरीवर येत, मी कोट पुढे सरकवी, ते सुई ओवत. वर्षानुवर्षे आमच्यात एवढाच संवाद होता.

म्हणूनच ते सगळ्यांच्या आधी माझ्या लक्षात आले. एका कोटाचे काज तिरपे आले. मग दुसऱ्याचे. मी ते उसवून घरी स्वतः विणले आणि कोणाला सांगितले नाही. कामात दोष काढायला मला कधी संकोच वाटलेला नाही, त्या वेळी का वाटला ते माहीत नाही. काही दिवसांनी सुया ओवण्यासाठी ते उन्हाकडे तोंड करून बसू लागले. देवळात वही धरत, पण मला वाटते तोंडपाठच म्हणत.

एका बुधवारी ते दुकानात आत आले आणि होल्डॉल शिवून मागितला. जाड कापडाचा, शनिवारच्या आत. हा माणूस आयुष्यात जवळच्याच सोसलेच्या मठापलीकडे गेला नव्हता. मी इतक्या वर्षांनी तोंड उघडले आणि विचारले, कुठे निघालात?

"माझी सुद्दी मी कशी सांगू?"

"मग माप कसे घेऊ?"

ते थोडा वेळ कापडावरून बोटे फिरवत राहिले. म्हणाले, "सगळं मावलं पाहिजे. पुन्हा येऊन न्यायला काही उरू नये."

त्यांची मुलगी शिमोग्याला होती. बाकीचे मला समजले. हेही समजले की हा माणूस शनिवारी सगळ्यांच्या बातम्या वाचेल, उसळी खाईल, आणि रविवारी सकाळी होल्डॉल उचलून जाईल. मोहल्ल्याला सोमवारी कळेल. कायदा म्हणजे कायदा.

शनिवारी त्यांनी नळ वाचला, एक साखरपुडा वाचला, आणि "मुगी..." एवढे म्हणाले तोच मी उभा राहिलो. लोक आधीच हसू लागले. मी म्हटले, एक राहिली.

"कोणाची?" मामांनी विचारले.

"तुमची."

"कोणी आणली?"

"मी आणली. लिहा."

मामांनी वही माझ्यापुढे धरली. "मला दिसत नाही," ते म्हणाले. "तूच लिही, तूच वाच."

मी लिहिले आणि वाचले. काज करणारे मामा डोळ्यांनी अधू झाल्यामुळे उद्या मुलीकडे शिमोग्याला जात आहेत, ते परत येणार नाहीत. बातमी नाथाने आणली. कोणी हसले नाही. रावसाहेब उठले आणि मामांच्या पाया पडले. घोड्यावरून त्यांना उतरलेले मी तेव्हाच पाहिले. मग भट रडवेल्या आवाजात म्हणाले, आता शनिवारी वाचणार कोण?

मामा म्हणाले, "हाच. याचं मोहल्ल्यात कोणाशीच पटत नाही. कोणाची बाजू घेणार नाही."

हा गौरव होता की नाही ते मी अजून ठरवलेले नाही.

रविवारी होल्डॉल मीच बसच्या टपावर चढवला. खिडकीशी उभा राहून म्हटले, मामा, जाता जाता तरी माझ्या दुकानाची बातमी होऊ द्या. ते म्हणाले, "आता वाचणारा तू. कोणी आणली तर वाच की." बस सुटली. दोन वर्षांनी त्यांच्या मुलीचे पत्र आले. ते पत्र भटांनी देवळात आणले आणि मी वाचले. त्या दिवशी उसळीसाठी कोणी झुंबड केली नाही.

तेव्हापासून शनिवारी मी वाचतो. दरम्यान दुकान शेजारच्या गाळ्यापर्यंत वाढले, मशीन सहा झाली, पाटी दोनदा बदलली. कायदा मोडला तर अडवणारे आता कोणी नाही. तरी मी शेवटची बातमी वाचतो, वही उघडीच ठेवतो आणि विचारतो, आणखी कोणी काही आणले आहे का? मग जरा थांबतो. लागते त्यापेक्षा थोडा जास्तच थांबतो. लोक केळीच्या पानाकडे बघत असतात. भटही बघत असतात.

"मुगीतु," मी म्हणतो. "उसळी घ्या."