टेकू काढायची वेळ

आक्काचं काम सेंट्रिंगचं. स्लॅब ओतायच्या आधी फळ्या ठोकायच्या, खाली टेकू लावायचे आणि काँक्रीट पक्कं झालं की ते काढायचे. आजवर तिचा एकही स्लॅब खाली आला नव्हता, आणि तिच्या तोंडी लागायची कुणाची छातीही झाली नव्हती.

घर तिचं आणि धाकट्या भावाचं. ते बँकेकडे गहाण, कर्ज दोघांच्या नावावर. भाऊ परगावी स्थायिक झाला, तेव्हा त्याचा हिस्सा आक्काने विकत घ्यायचं ठरलं. सहीच्या दिवशी भावाने पेन उघडलं, तर आक्काने कागदच ओढून घेतला.

"आधी बँकेत चल. घरावरचं नाव काढलंस आणि कर्जावरचं तसंच राहिलं, तर उद्या हप्ता थकल्यावर बँक तुझ्या दारात उभी राहील."

"राहू दे की. तेवढाच तुला आधार. एकटीला झेपेल का?"

"माझी कमाई बघून कर्ज माझ्या एकटीच्या नावावर करायला बँक तयार झालीय, तुझं काय अडलंय?" आक्का चपला घालत म्हणाली. "पक्क्या स्लॅबखाली टेकू ठेवला, तर लोक स्लॅबवरच संशय घेतात."