मामांची बुळबुळीत मंडळी

जंतूंविषयी इतक्या आदराने बोलणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज पृथ्वीवर दुसरा कुणी असेल, असं मला वाटत नाही. आपण देवाविषयी बोलताना आवाज खाली आणतो, तसा मामा जंतूंविषयी बोलताना आणतात. चाकणच्या एका कारखान्यात ते कित्येक वर्षं कूलंटची टाकी सांभाळतात. कूलंट म्हणजे तापल्या मशीनवर सतत सोडायचं, दुधासारखं पांढरं तेलपाणी. गुरुवारची सुट्टी झाली, की शुक्रवारी सकाळी त्या टाकीला नासक्या अंड्यांचा वास सुटतो. बाकीचे नाकाला रुमाल लावतात. मामा मात्र जुने सोबती भेटल्यासारखे आत वाकून बघतात आणि ‘मंडळी जागी झाली’ म्हणतात.

संध्याकाळी रावेतच्या आपल्या गॅलरीत पाय पसरून बसले, की त्यांची तंद्री लागते. समोर एक्सप्रेसवेवरचे दिवे सरकत असतात आणि मामा केव्हाच टाकीच्या तळाशी उतरलेले असतात. तिथे म्हणे बुळबुळीत थराखाली गावंच्या गावं वसलेली आहेत. वरून औषध ओतलं, की वरच्या आळीतले मरतात, खालच्यांना नुसता वास लागतो. काही जण तर अंगात शिरलेलं औषध होडीतल्या पाण्यासारखं उपसून बाहेर टाकतात. पुढच्या खेपेला तेच औषध ओतावं, तर वाचलेल्यांची पिलावळ त्याला भीक घालत नाही. “आधी घासावं, मग वतावं, जावईबापू,” एवढं सांगून मामा पुन्हा तळाशी जातात. आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला सगळे तीर्थासाठी हात पुढे करत होते, तेव्हा हे गच्चीवरच्या टाकीत दंडापर्यंत हात घालून बसले होते. खाली येऊन त्यांनी अध्यक्षांना, आतली वस्ती जुनी आणि सुखी आहे, असं मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्या दिवशी प्रसादाचा शिरा बराच उरला.

गेल्या हिवाळ्यात मामींचा गुडघा बदलला आणि जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, नव्या सांध्याच्या धातूवर जंतूंनी थर धरलाय. नुसत्या औषधाने भागणार नाही, उघडून घासून धुवावं लागेल, आणि तरी सांधा राहील की नाही सांगता येत नाही. मामांना यातलं काहीच समजावून द्यावं लागलं नाही, हीच पंचाईत होती. ही मंडळी आपल्याच हातांवर बसून कारखान्यातून घरी आली, असं त्यांनी मनाशी धरलं. तसं नाही, हे डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. मामा ऐकून घेत आणि पुन्हा हात धुवायला जात.

सांधा वाचला. मामी घरी आल्या. पण मामा त्यांना हात लावीनात. धुऊन धुऊन कातडी सोलपटली, तरी पाण्याचा पेला स्टुलावर ठेवून मागे सरकायचे. डॉक्टरांनी रोज चालायला बजावलं होतं, नाहीतर गुडघा कायमचा आखडला असता. आणि मामी दुसऱ्या कुणाच्या आधाराने उठायला तयार नव्हत्या.

मी गेलो तेव्हा मामी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि मामा बेसिनपाशी उभे होते.

“अवो, किती धुताल?” मामी म्हणाल्या. “लगीन झाल्यापासून ह्याच हातचा चहा पितीय मी. मला न्हाई काय होत. धरा.”

मामांनी नळ बंद केला, जवळ आले आणि दोन्ही हात पुढे केले. ओल्या हातांना धरून मामी उठल्या. एकेक पाऊल टाकत दोघं गॅलरीकडे निघाली, तेव्हा मला त्यांचा फार हेवा वाटला.