लाँड्रीतला हेजहॉग

न्यूझीलंडमध्ये मनुरेवातल्या भाड्याच्या घरात आम्ही राहायला गेलो तेव्हा मुलगी सात वर्षांची होती आणि तिला कुत्रा हवा होता. करारात कुत्रं-मांजर ठेवायला मनाई होती. थंडी सुरू व्हायच्या सुमाराला, एका शनिवारी भर दुपारी, कपड्यांच्या दोरीखाली तिला मुठीएवढा हेजहॉग सापडला. तो नीट चालतही नव्हता, दोन पावलं टाकून कलंडत होता. करारात हेजहॉगचं नाव नाही, हे तिनं माझ्या आधी ताडलं.

पुण्याला फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "साळिंदर घरात कशाला आणलंत?" साळिंदर नव्हे, हा फार लहान असतो, काटे आखूड असतात, अंगात रुतून राहत नाहीत, असं मी तिला समजावत बसले. पुढच्या फोनला तिनं पुन्हा साळिंदराची चौकशी केली. त्याला मराठीत काय म्हणतात ते मला सांगता येईना, म्हणून मी नाद सोडला.

लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, वॉशिंग मशीनशेजारी खोका ठेवला आणि वाटीत दूध दिलं. मुलीच्या गोष्टींच्या पुस्तकातले हेजहॉग दूधच पीत होते. सकाळी खोक्यात आणि त्याच्या पोटाखाली जो राडा झाला होता तो मी नाक दाबून पुसला. जनावरांच्या दवाखान्यात फोन केला तर तिथल्या बाईंनी आम्ही जंगली प्राणी घेत नाही म्हणून सांगितलं आणि एका आजींचा नंबर दिला. त्या आजारी हेजहॉग घरी ठेवून सांभाळत.

"दूध?" आजी फोनवर म्हणाल्या. "दूध त्याला पचत नाही. आणि हेजहॉग दिवसा उघड्यावर दिसला म्हणजे त्याला थंडी वाजतेय किंवा तो उपाशी आहे. टॉवेलात गुंडाळून गरम पाण्याची पिशवी दे. मांजराचं खाणं दे. थंडीत हेजहॉग महिनोन्महिने झोपतात, त्याआधी वजन वाढलं नाही तर तो झोपेतच जाईल."

मांजराचं खाणं म्हणजे मांस. आमच्या स्वयंपाकघरात तोवर अंडंही शिजलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या डेअरीत, इथं किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, मी तो डबा काउंटरवर ठेवला तेव्हा दुकानदार म्हणाला, "मांजर पाळलंत का?" मी नुसती मान हलवली. डबा उघडायला वेगळा ओपनर, वेगळा चमचा, वेगळा स्पंज. तरी त्याचा वास सगळ्या घरात हिंडायचा. नवरा ओटाहुहुला कामाला होता, एकदा निघता निघता शर्टाची बाही हुंगून म्हणाला, "अगं, माझ्या कपड्यांनासुद्धा याचा वास येतोय. हे किती दिवस चालणार?"

"मला काय विचारतोस? लेकीला विचार."

लेकीचा उत्साह ओसरायला लागला होता. शाळेतून आली की ती खोक्यापाशी बसायची. तो अंगाचा गोळा करून झोपलेला. हात लावला की आणखी घट्ट व्हायचा आणि आतून फुसफुसायचा. तो जागा व्हायचा तेव्हा तिची झोपायची वेळ झालेली असायची. ती म्हणाली, "ही डझन्ट इव्हन लाइक मी."

"अगं, त्याला आपली भीती वाटते. वेळ लागेल."

"यू सेड दॅट लास्ट वीक."

खोक्यातले कागद बदलणं, पिशवीत गरम पाणी भरणं, डबा, चमचा, सगळं माझ्याकडे आलं. याच दिवसांत मी नोकरीसाठी अर्ज करत होते आणि इथला अनुभव नाही म्हणून नकार येत होते. रोज सकाळी एका नकाराची ईमेल वाचायची आणि मग लाँड्रीत जाऊन हेजहॉगची घाण काढायची. मी त्याच्याशी मराठीत भांडायचे.

एका संध्याकाळी आमटीला फोडणी देऊन तशीच लाँड्रीत गेले. तो जागा होता. त्यानं माझी हिंग लागलेली बोटं हुंगली, चाटली आणि त्याच्या तोंडाला फेस यायला लागला. मान वेडीवाकडी वळवून तो फेस तो स्वतःच्या पाठीवरच्या काट्यांना फासू लागला. मला रेबीजच आठवला. मुलीला बाहेर काढलं, दार लावलं, हात साबणानं लालभडक होईपर्यंत धुतले आणि आजींना फोन केला.

त्या हसल्या. "न्यूझीलंडमध्ये रेबीज नाही. नवा वास आला की हेजहॉग असंच करतात. का करतात ते मलाही माहीत नाही. तुझ्या हाताला काय होतं?"

हिंग त्यांना समजावून सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसू की रडू तेच कळेना.

त्याचं वजन मात्र वाढत होतं. कणीक मोजायचा काटा मी त्याच्यासाठीच ठेवला होता. थंडी ओसरत आली तेव्हा तो दोन हातांत मावेनासा झाला, आणि तेव्हाच मुलगी शाळेच्या सहलीला पक्ष्यांच्या अभयारण्यात जाऊन आली. दप्तर न काढताच ती लाँड्रीच्या दारात उभी राहिली.

"मम, इट्स अ पेस्ट, म्हणजे त्रास देणारा प्राणी. ते पक्ष्यांची अंडी खातात. रेंजर म्हणाला, दे ट्रॅप देम."

"मग आता काय करायचं म्हणतेस?"

तिनं दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "आय डोन्ट नो. तू ठरव."

मला तिचा इतका राग आला. आणलं तिनं, सांभाळलं मी, आणि आता निकालही मीच द्यायचा. शिवाय तिचं चुकत नव्हतं. शेजारचे म्हातारे गृहस्थही कुंपणावरून तेच म्हणायचे, की असले प्राणी पोसू नयेत. आजींना विचारलं तर त्यांचा सूर वेगळाच: बागेतल्या गोगलगायी खातो, सापडला तिथंच सोड. प्रत्येकाला खात्री होती, फक्त मला नव्हती.

शेवटी मी शेजाऱ्यांकडे गेले. आमच्या बागेत हेजहॉग सोडतेय, महिनाभर तरी गोगलगायी मारायचं विष टाकू नका, एवढंच मागितलं.

"माझे लेट्यूस गोगलगायींनी खाल्ले तर?"

"तो गोगलगायी खाईल."

"आणि नाही खाल्ल्या तर?"

"मग मी तुम्हाला लेट्यूस आणून देईन."

त्यांनी खांदे उडवले. तो होकार होता की नाही, मला कळलं नाही.

अंधारायच्या जरा आधी मी खोका दोरीखाली आडवा केला. मुलगी स्वेटर घालून आली, पण लांब पायरीवर बसली. तो बाहेर आला, हवा हुंगली आणि सरळ कुंपणाच्या फटीतून लेट्यूसच्या वाफ्यात शिरला. "दॅट्स इट?" ती म्हणाली. मी खोका उचलून कचऱ्यात टाकला.

पुढे काही आठवडे मी मागच्या पायरीवर मांजराच्या खाण्याची बशी ठेवत होते. सकाळी ती रिकामी असायची, आणि एकदा पाहिलं तर शेजारचं पिवळं मांजर तिच्यात तोंड घालून बसलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर गाडीखाली चिरडलेले हेजहॉग दिसायचे. मी थांबून पाहायचे. सगळे सारखेच दिसायचे.