उघडं दार

शहराच्या संग्रहालयात चाळीतली एक खोली जशीच्या तशी मांडली आहे. भिंतीवर भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, खाटेखाली ट्रंक. आईने सवयीने दाराशी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं.

"मावशी, आत जायचं नाही!" रखवालदार ओरडला.

"दार उघडं होतं रे," आई ओशाळून म्हणाली. चाळीत उघड्या दारातून आत जायला कोण कुणाला विचारतं?

मी हसले, पण नजर त्या पिंपावर गेली. आमचीही चाळ आता पाडणार आहेत. सकाळीच आईने असंच पिंप भरून ठेवलं होतं.

संध्याकाळी घरी आलो. आईने कुलूप काढून आत दिवा लावला. मी चपला काढल्या आणि उंबऱ्यातच थबकले. मागून कोणीतरी ओरडेल, असं वाटत राहिलं.