हिंगण्यापलीकडची कोरी चूल

मंडळी, आज जाम थकून लिहितेय.

कमी लाकडात, कमी धुरात स्वयंपाक होतो म्हणून हिंगण्यापलीकडच्या एका गावात आम्ही सुधारित चुली वाटल्या होत्या. आज पाहायला गेले, तर शेवंताबाईंच्या घरी ती चूल कोपऱ्यात कोरीच. त्या जुन्या चुलीपुढे खोकत भाकरी थापत होत्या.

मी जरा चिडूनच विचारलं, "मावशी, काहून वापरत नाही?"

"तिच्या तोंडात वीतभर ढलप्याच जाते. आमचे हे सकाळीच कंपनीत जाते. मी सैपाक करू का कुऱ्हाड चालवू, ताई? जुनीत अख्खं लाकूड सरकवलं का झालं."

चूल वापरायला शिकवायच्या दिवशी ढलप्या आम्हीच नागपूरहून पोत्यात भरून नेल्या होत्या.

खरं सांगा, तुमच्यापैकी कोणी कधी लाकूड फोडलंय? मी नाही.